मोठ्या बाबांची १९७७ ची पोर्ट : एकच बाटली विकायची असेल तर?

आंबिया_बहार
सर्वांना नमस्कार. आमचे गाव मोर्शी तालुक्यात असून घरचा व्यवसाय संत्र्याचा आहे. त्यामुळे पुढील विषयात माझे ज्ञान शून्य आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले, तेथील एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि १९९२ साली कायमचे गावी परतले. निरोपसमारंभात त्यांना पोर्ट नावाच्या वाईनची एक बाटली भेट मिळाली होती. तीस वर्षे विलायतेत काढूनही ते माळकरीच राहिले असल्यामुळे ती कधी उघडली गेली नाही, आणि मिळालेली भेट फेकून देणे त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे ती फेकलीही गेली नाही. मागील वर्षी ते वारले. यंदा मोठ्या आईच्या सांगण्यावरून त्यांचे लोखंडी कपाट आवरताना ही बाटली आणि कारखान्याच्या शिक्क्याचे निरोपाचे पत्र सापडले. लेबलावर 'टेलर', 'व्हिंटेज' आणि '१९७७' इतके स्पष्ट वाचता येते.

गावात ही बातमी पोहोचायला एक दिवसही लागला नाही. पारावरचा सध्याचा भाव चार लाख रुपये आहे. प्रत्यक्षात नागपूरच्या एका गृहस्थांनी भाच्याच्या ओळखीतून साठ हजार रुपये देऊ केले आहेत आणि ते पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो म्हणतात. रक्कम मोठ्या आईच्या नावे ठेवावी असा विचार आहे. या वस्तूची योग्य किंमत कशी ठरवतात, एकट्या बाटलीला ग्राहक असतो का, आणि हा व्यवहार कोणत्या पद्धतीने करावा, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सातासमुद्रापार
मी मूळचा अकोटचा; गेली बावीस वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि येथील एका वाईन व्यापाऱ्याच्या गोदामात काही वर्षे हिशेबाचे काम केले आहे. त्यामुळे पिण्यापेक्षा मोजण्याचा अनुभव अधिक.

आपल्याकडे आहे ती पोर्तुगालमधील दोउरो नदीच्या खोऱ्यातील पोर्ट. या खोऱ्याची हद्द १७५६ साली सरकारी हुकुमाने आखली गेली, म्हणजे नाव आणि प्रदेश यांची सांगड घालण्याची ही पद्धत फार जुनी आहे. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात सुमारे ७७ टक्के तीव्रतेचे द्राक्षाचे मद्यार्क ओततात, आंबण्याची क्रिया तेथेच थांबते, रसातील साखर बरीचशी शिल्लक राहते आणि तयार होणारे पेय गोड व सुमारे २० टक्के मद्यार्काचे असते. 'व्हिंटेज' हा शब्द प्रत्येक वर्षी लावत नाहीत. हंगाम विशेष चांगला असेल तरच ते वर्ष जाहीर करतात. १९७७ हे बहुतेक मोठ्या पेढ्यांनी जाहीर केलेले, नावाजलेले वर्ष आहे आणि टेलर ही त्यांतील मानाची पेढी. असा माल सुमारे दोन वर्षे लाकडी पिंपात ठेवून न गाळता बाटलीत भरतात आणि तो पुढे वीस, तीस, चाळीस वर्षे बाटलीतच मुरतो. इंग्लंडमध्ये निवृत्तीच्या वेळी पोर्ट देण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे आपली कथा मला अजिबात नवलाची वाटली नाही.

आता कटू भाग. फ्रान्समधील बोर्दो किंवा बर्गंडी या प्रदेशांच्या नामांकित बाटल्यांच्या तुलनेत जुनी पोर्ट जगभर स्वस्त राहिलेली आहे. उत्तम अवस्थेतील १९७७ च्या बाटलीलाही चार लाख तर सोडाच, साठ हजारसुद्धा कोणी जाणकार देणार नाही. म्हणून मला त्या साठ हजारांची भीती वाटते.

कृपया चार गोष्टी पाहून सांगा. बाटलीतील पातळी मानेत आहे, मानेच्या बुडाशी आहे की खांद्यावर उतरली आहे? बुचावरील आवरणाखालून काही पाझरल्याच्या खुणा आहेत का? त्या आवरणाखाली बुचावरून आडवी चिकटवलेली कागदी मोहोर दिसते का? ही मोहोर पोर्तुगालच्या पोर्टवाईन संस्थेकडून मिळते आणि १९७७ च्या मालावर ती असायलाच हवी, कारण व्हिंटेज पोर्ट पोर्तुगालमध्येच बाटलीत भरण्याचे बंधन १९७० च्या दशकाच्या मध्यापासून आले. त्यापूर्वी पुष्कळ पिंपे इंग्लंडात येऊन तेथेच भरली जात. आणि शेवटचे, बाटलीच्या अंगावर कोठे पांढऱ्या रंगाचा फटकारा आहे का?

झुणका_भाकर
पोर्ट म्हणजे गोव्याहून येताना लोक दोन-दोन बाटल्या आणतात तीच ना? तिला कोण साठ हजार देतो?

सातासमुद्रापार
नाही. आपल्याकडे 'पोर्ट' या नावाने विकली जाणारी गोड लाल वाईन दोउरोची नसते; नाव उसने घेतलेले आहे. ती ताजी पिण्यासाठी असते, तीस वर्षे सांभाळण्यासाठी नव्हे. नागपुरी संत्र्याचे नाव लावून दुसरीकडचा माल विकला की आपल्याला जसा राग येतो, तसा तेथील लोकांना या नावाचा येतो.

तळेगाव_फाटा
मी वकील नाही, परंतु माझी उभी नोकरी एका परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडे कागदपत्रे सांभाळण्यात गेली आहे, म्हणून किमतीची चर्चा पुढे जाण्यापूर्वी हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

महाराष्ट्रात खाजगी व्यक्तीने मद्याची बाटली विकणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. बाटली एक आहे की शंभर, नवी आहे की वारशाने आलेली, नफा झाला की नाही, यांपैकी कशानेही त्यात फरक पडत नाही. आपला कायदा मुळात दारूबंदीचा आहे. विक्री, वाहतूक, बाळगणे आणि पिणे या सर्व गोष्टी त्यात मना आहेत आणि मग परवाना किंवा परमिट असेल त्याला तेवढ्यापुरती सूट आहे. परवान्याशिवाय विक्री व वाहतूक कलम ६५ मध्ये येते. पुण्या-मुंबईत संग्राहक एकमेकांना बाटल्या देतात-घेतात असे आपल्या कानावर येईल. ते होत असेल, म्हणून ते कायदेशीर होत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागापुरती. समजा, तुम्ही स्वतः बाटली नागपूरला नेऊन देण्याचे ठरवले आणि अमरावतीहून हमरस्त्याने निघालात, तर तिवसा सोडल्यानंतर तळेगाव आणि कारंजा घाडगे या पट्ट्यात तुम्ही वर्धा जिल्ह्यातून जाता, आणि वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. मोर्शीहून वरुड, जलालखेडा, काटोल असा रस्ता धरला तर वर्धा जिल्हा लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण परमिट नसेल तर रस्ता बदलून गुन्हा बदलत नाही. कुरिअरने पाठवण्याचा विचारही करू नये.

देशमुखी_वाडा
तळेगाव_फाटा यांच्याविषयी आदर ठेवून विचारतो. वाईन म्हणजे दारू नव्हे असे मंत्र्यांनीच सांगितले होते ना? किराणा दुकानांत वाईन ठेवण्याचा निर्णयही झाला होता. मग एका शेतकऱ्याच्या घरातील एका बाटलीचा एवढा बाऊ कशासाठी?

तळेगाव_फाटा
निर्णय जानेवारी २०२२ चा होता. तो किमान एक हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटमध्ये वाईनचा वेगळा कप्पा ठेवू देण्याविषयी होता, त्यासाठीही परवाना लागणारच होता, दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळलेले होते आणि विरोध झाल्यावर तो अमलात आलाच नाही. भाषणातील वाक्य आणि अधिनियमातील व्याख्या यांत अंतर असते. बाऊ मी करीत नाही. रोख साठ हजार आणि बाटली यांची देवाणघेवाण होत असताना पंचनामा झाला, तर त्यात मोठ्या आईंचे नाव येईल, एवढेच सांगतो.

आंबिया_बहार
आपल्या सर्वांच्या उत्तरांमुळे दोन रात्री नीट झोप लागली नाही, पण ते बरेच झाले. नागपूरच्या गृहस्थांना तूर्त थांबण्यास सांगितले आहे.

बाटली काल दिवसाच्या उजेडात नीट पाहिली. पातळी मानेत नाही. मान संपून खांदा सुरू होतो त्याच्या बोटभर खाली आहे. आवरणाच्या कडेला लाखेसारखा काळा, चिकट थर वाळलेला आहे आणि आवरण बोटाने फिरवून पाहिले तर ते जागचे हलत नाही, जणू डिंकाने चिकटवले असावे. त्याची एक कड फाटलेली आहे, तेथून कागदी पट्टीचा तुकडा दिसतो, पण त्यावर डाग पडून अक्षरे बुजली आहेत. पांढरा फटकारा आहे! मी तो चुन्याचा डाग समजून पुसायला निघालो होतो.

ठेवण्याविषयी मोठ्या आईला विचारले. १९९२ ते २००९ पर्यंत ती जुन्या वाड्यात होती. घरात माळ असल्यामुळे आजीने ती देवघराच्या बाजूला येऊ दिली नाही, म्हणून मोठ्या बाबांनी ती माजघराच्या भिंतीतील रिकाम्या बळदात गोधडीत गुंडाळून आडवी ठेवली. २००९ मध्ये आम्ही स्लॅबचे घर बांधले, तेव्हापासून ती वरच्या मजल्यावरील लोखंडी कपाटात, उभी, इस्त्रीच्या कपड्यांच्या मागे होती. आमच्याकडे मे महिन्यात वरच्या मजल्यावर दुपारी कोणी चढत नाही, हे विदर्भातील मंडळींना सांगायला नको.

कोठीघर
मी शीतगृहात पंचवीस वर्षे काम केले. संत्री, मिरची, चिंच आणि बियाण्याचे बटाटे यांच्या साठवणुकीचा अनुभव आहे, वाईनचा नाही. परंतु उष्णतेचे नियम फळाला एक आणि बाटलीला दुसरे असे नसतात, म्हणून लिहितो.

वाईन दीर्घकाळ ठेवण्यासाठी साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता चांगली मानतात. रासायनिक क्रियांचा ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचा वेग जवळपास दुप्पट होतो. तेव्हा तेरा अंशांच्या तळघरात ज्या बदलाला वीस वर्षे लागली असती, तो तेवीस अंशांत दहा वर्षांत आणि तेहेतीस अंशांत पाचच वर्षांत व्हायचा. शिवाय तो बदल तोच राहत नाही. जास्त उष्णतेत मुरणे कमी आणि शिजणे अधिक होते. दुसरे असे की दिवसा द्रव प्रसरण पावून बुचाला वर रेटतो, रात्री आकसतो आणि हवा आत ओढतो. तुमच्या आवरणाखालील काळा थर म्हणजे त्या वर्षानुवर्षांच्या श्वासोच्छ्वासाची खूण आहे. त्यात २००९ पासून बाटली उभी असल्यामुळे बूच आतून कोरडे पडून आकसले असणार, आणि आपल्याकडील उन्हाळ्याची कोरडी हवा त्याला बाहेरूनही सोडत नाही.

बळदाविषयी मात्र मला कुतूहल आहे. दीड-दोन हात जाडीची मातीची भिंत, वर माळवद, खिडकी नाही. ज्वारी वर्ष-दोन वर्षे कीड न लागता राहावी म्हणून केलेली ती सोय होती. वाडा अजून उभा असेल तर एक साधा थर्मामीटर बळदात आणि एक वरच्या कपाटात आठवडाभर ठेवून पाहाल का?

झुणका_भाकर
मग ही बाटली बाद झाली म्हणा की. दुसरी कुठली वाईन असती तर आमच्या उन्हात टिकली असती का?

कोठीघर
माझ्या पुतण्याने दाखवलेल्या माहितीवरून एक सापडली आहे. पोर्तुगालच्याच मदेरा बेटावरील वाईन मुद्दाम तापवतात. तेथील एका पद्धतीत ती ४५ ते ५० अंश तापमानात किमान तीन महिने ठेवतात. पूर्वी जहाजातून विषुववृत्त ओलांडून परत आलेली पिंपे अधिक चवदार लागली, त्यावरून ही रीत पडली म्हणतात. कारखान्याने मोठ्या बाबांना पोर्टऐवजी मदेरा दिली असती, तर मोर्शीच्या वरच्या मजल्याला तेथील गोदामाचा दर्जा मिळाला असता.

सातासमुद्रापार
वरील वर्णन वाचल्यावर किमतीचा प्रश्न जवळपास मिटतो, पण का मिटतो ते सांगतो, कारण पुष्कळांचा समज असा असतो की बाटली जितकी जुनी तितकी महाग.

२०१८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात बर्गंडीतील रोमाने-कोंती या मळ्याची १९४५ ची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. त्या वर्षी त्या मळ्यात सुमारे सहाशेच बाटल्या झाल्या आणि त्यानंतर जुने वेल उपटून टाकले गेले, ही दुर्मिळता एक कारण होतेच. परंतु दुसरे कारण असे की ती रोबेर द्रुअँ या बर्गंडीतील जुन्या व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या संग्रहातून आली होती. बाटली कोठून निघाली, कोणाकडे राहिली, किती अंशांत राहिली, याची साखळी अखंड होती.

साखळी नसली की काय होते, तेही याच व्यापारात दिसले आहे. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीच्या पोन्सो घराण्याच्या क्लो सँ-दनी या वाईनच्या १९४५ पासूनच्या बाटल्या मांडल्या होत्या. त्या घराण्याचे लोराँ पोन्सो स्वतः तेथे गेले आणि बाटल्या लिलावातून काढायला लावल्या, कारण त्यांच्या घराण्याने ती वाईन १९८० च्या दशकापूर्वी केलीच नव्हती. त्या बाटल्या ज्याच्याकडून आल्या तो रूडी कुर्नियावान पुढे २०१२ मध्ये पकडला गेला, २०१३ मध्ये दोषी ठरला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तो घरीच वाईन मिसळून जुन्या रिकाम्या बाटल्यांत भरीत असे आणि त्यावर नवी छापलेली जुनी लेबले लावीत असे.

म्हणून लिलावगृहे आज पहिला प्रश्न साठवणुकीचा विचारतात. आपल्याकडे निरोपाचे पत्र आहे, ते चांगले. बाटली खरी आहे यावर मी विश्वास ठेवतो. पण खरी असणे आणि विकण्याजोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खांद्यावर उतरलेली पातळी, पाझर, चिकटलेले आवरण आणि उष्ण प्रदेशातील तीस वर्षे, इतके समोर आल्यावर कोणतेही नावाजलेले लिलावगृह ही एकटी बाटली घेणार नाही. आपण कापसाच्या बाजारात प्रतवारी पाहिली असेल. भिजलेला कापूस कापूसच असतो, पण त्याला भाव कोण देतो?

एक शक्यता कोणी सुचवण्याआधीच मांडतो. मोठ्या बाबांच्या कुटुंबातील कोणी इंग्लंडमध्ये असेल तर ते स्वतःच्या वापरासाठी बाटली घेऊन जाऊ शकतात. येथील प्रवाशांच्या सवलतीत पोर्टसारखी वाईन नऊ लिटरपर्यंत बसते. पण ती सवलत स्वतःसाठी किंवा भेटीसाठी आहे. विकण्याच्या हेतूने आणली तर कर भरावा लागतो आणि एका बिघडलेल्या बाटलीसाठी तो खर्च मूर्खपणाचा ठरेल. गावातून विमानतळापर्यंतच्या वाहतुकीविषयी तळेगाव_फाटा यांनी लिहिलेच आहे.

देशमुखी_वाडा
हे सर्व खरे असेल तर नागपूरचा गृहस्थ साठ हजार का देतो, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

आंबिया_बहार
त्याचे निम्मे उत्तर काल मिळाले. त्यांचा फोन आला. बाटलीची पातळी किती, ती कशी ठेवली होती, यांतील एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही; मी स्वतःहून सांगू लागलो तेव्हा 'ते राहू द्या' म्हणाले. विसार म्हणून पाच हजार आत्ताच पाठवतो, असे सांगून मोबाईलवर एक विनंती पाठवली आणि रक्कम जमा होण्यासाठी पिन टाका म्हणाले. माझ्या मुलीने हातातून फोनच काढून घेतला. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, हे तिला शाळेत शिकवले आहे आणि मला छप्पन्नाव्या वर्षी कळले.

कोठीघर यांनी सांगितल्याप्रमाणे आठ दिवस थर्मामीटर ठेवले होते. बाहेर दुपारी ४४ ते ४५ अंश असताना वरच्या कपाटात ३९ ते ४० भरले, आणि पहाटेही ते ३४ च्या खाली आले नाही. वाड्याच्या बळदात दुपारी ३० आणि पहाटे २९. दिवसरात्रीत एकाच अंशाचा फरक! आमच्या आजोबांनी बांधलेल्या मातीला मी आजवर पडका वाडा म्हणत होतो.

कोठीघर
एक अंशाचा फरक शीतगृहातही दार सतत उघडत असल्यास साधत नाही. हिवाळ्यात ते बळद १८-२० पर्यंत उतरत असेल. तरी तीस अंश म्हणजे तेरा नव्हेत, हे ध्यानात असू द्या. पहिल्या सतरा वर्षांतही बाटली वेगानेच म्हातारी झाली असणार. मात्र ती मेली असेल तर ती लोखंडी कपाटात, असे माझे मत आहे.

तळेगाव_फाटा
फोन करणाऱ्याचा क्रमांक आणि त्या विनंतीचे छायाचित्र जपून ठेवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. ज्या व्यवहाराची तक्रार फसवला गेलेला माणूस पोलिसांत करू शकत नाही, तोच व्यवहार हे लोक शोधतात. पाच हजार गेले असते तर तुम्ही ठाण्यात काय सांगितले असते? परवान्याविना दारू विकताना फसलो, असे?

बाटलीचे म्हणाल तर दोन मार्ग स्वच्छ आहेत. पहिला असा की अमरावतीच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात जाऊन, वारशाने सापडलेली बाटली आहे, असे लेखी कळवावे आणि ते सांगतील तसे करावे. दुसरा असा की घरातील ज्या कोणाला ती चाखायची असेल त्याने मद्य बाळगण्याचा व सेवनाचा वैयक्तिक परवाना रीतसर काढावा आणि मगच ती उघडावी. परवान्याची फी फार नसते. विक्री मात्र दोन्हींत नाही.

आंबिया_बहार
घरात बैठक झाली. मोठ्या आईचे म्हणणे असे की जी वस्तू त्यांनी तीस वर्षांत विकली नाही ती विकून आलेले पैसे मला नकोत, आणि हे ती पहिल्याच दिवशी म्हणाली असती, पण तिला कोणी विचारलेच नव्हते. यात चूक माझी आहे. माझी चुलत बहीण, म्हणजे त्यांची मुलगी, दिवाळीत पुण्याहून येते. मी आणि ती दोघेही परवाने काढणार आहोत, आणि अधीक्षक कार्यालयातही मी स्वतः जाऊन आलो. तेथे अर्ज घेतला आणि परवाना मिळेपर्यंत बाटली गावाबाहेर न नेण्यास सांगितले.

दिवाळीपर्यंत बाटलीचे काय करावे? पुन्हा बळदात ठेवू का? आणि उघडायची कशी, तेही सांगा. आमच्या घरात आजवर औषधाखेरीज कशाचेही बूच काढलेले नाही.

सातासमुद्रापार
बळदातच ठेवा, आडवी, पांढरा फटकारा वर येईल अशी. तो फटकारा त्याचसाठी असतो : पेढीच्या तळघरात ती बाजू वर होती, म्हणून साका खालच्या बाजूला धरलेला असतो आणि बाटली दरवेळी तशीच ठेवली की तो ढवळत नाही. आपली बाटली बरीच वर्षे उभी असल्यामुळे साका आता बुडाशी गेला असेल. तरी बूच ओले राहावे म्हणून आडवीच बरी.

उघडण्याच्या दोन दिवस आधी ती उभी करा. बूच भुसभुशीत झालेले असणार, ते अखंड निघेल ही अपेक्षा ठेवू नका. तुकडे आत पडले तरी घाबरू नका. घरात स्वच्छ मलमल असेल, ताकाची किंवा चक्क्याची, ती नुसत्या पाण्यात धुऊन घ्या, साबणाचा वास नको. काचेच्या भांड्यावर ती धरून एका संथ धारेने ओता, बाटली मध्येच सरळ करू नका, आणि मागे उजेड ठेवून पाहत राहा. मानेत गढूळ धार दिसली की थांबा. रंग विटेसारखा तांबूस असेल आणि वास मनुका, अक्रोड, गूळ असा काही आला तर दोघांनी घोट-घोट घ्या. जळका किंवा शिरक्यासारखा वास आला तर ओतून द्या. मोठ्या आईंना नुसता वास दिला तरी चालेल.

आंबिया_बहार
हे सर्व वहीत उतरवून घेतले आहे.

आणखी एक. नागपूरच्या गृहस्थांचा आज नव्या क्रमांकावरून निरोप आला. बाटली विकत नाही असे कळवल्यावर त्यांनी लगेच लिहिले की, प्यायल्यानंतर रिकामी बाटली तरी द्या, लेबल आणि वरची पट्टी न फाडता, तिचे आठ हजार देतो. रिकाम्या काचेला आठ हजार! आमच्या गावचा भंगारवाला एका बाटलीला रुपया देत नाही.

देशमुखी_वाडा
माझ्या प्रश्नाच्या उत्तराचा उरलेला अर्धा भाग हाच दिसतो.

सातासमुद्रापार
होय. कुर्नियावानलाही न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांतून रिकाम्याच बाटल्या हव्या असत. खरी काच, खरे लेबल आणि खऱ्या मोहोरेचा तुकडा एकदा हाती आला की आत काय भरायचे ते गोव्याच्या पोर्टवरही भागते. हा नवा क्रमांकही १९३० वर कळवा. बाटली उघडलीत की लेबल पाण्यात भिजवून सोडवून घ्या आणि निरोपाच्या पत्रासोबत ठेवा, कागदी पट्टी मधोमध फाडा आणि काच फोडून टाका.

आंबिया_बहार
तसेच करतो. लेबल मोठ्या आईने आधीच मागितले आहे.